पिऊन गाडी चालवणाऱ्या पोरांना आधी विचारा तरी

पेपरात बातमी येते, दुचाकी मोरीच्या कठड्यावर आदळून युवक ठार, वय तेवीस, रात्री साडेबाराच्या सुमारास, चालकाचा ताबा सुटल्याने. संपली बातमी. रायगड असो, रत्नागिरी असो, सिंधुदुर्ग असो, थोड्याफार फरकाने ती सारखीच असते आणि आपण गाव कुठलं, आडनाव काय, ओळखीतलं कोण आहे का एवढं बघून पान उलटतो. ताबा का सुटला ते बातमीत नसतं, पोलिसांच्या कागदातही बऱ्याचदा नसतं, आणि गावात मात्र सगळ्यांना माहीत असतं की तो कुठून येत होता आणि सोबत कोण कोण बसलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गावाला जे माहीत आहे ते जिल्ह्याला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे अठरा ते तीस वयाच्या पोरापोरींना नाव न विचारता, नीट, तालुक्या-तालुक्यात जाऊन विचारणं. सर्वे करा. आधी सर्वे करा आणि मग ठरवा पैसे बॅनरवर घालायचे की रात्री पोरांना घरी सोडणाऱ्या गाडीवर.

आता कुणी म्हणेल आकडे तर आहेतच की. आहेत ना. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदलेत, मेलेल्यांमध्ये साधारण दोन तृतीयांश लोक १८ ते ४५ वयाचे, आणि वाहनानुसार बघितलं तर सगळ्यात जास्त, जवळजवळ ४५ टक्के, दुचाकीवरचे. महाराष्ट्राचे त्यात पंधरा हजारांच्या वर. हे सगळं पटतं. पण त्याच अहवालात दारू किंवा अमली पदार्थाच्या नशेमुळे झालेले मृत्यू किती, तर अडीच टक्क्यांच्या आसपास! कोकणात दोन पावसाळे काढलेल्या कुठल्याही माणसाला हा आकडा दाखवा, तो म्हणेल हे शक्यच नाही.

आणि आकडा एवढा कमी का येतो ते पण समजून घेतलं पाहिजे, कारण यात कुणी मुद्दाम लबाडी करतंय असं नाहीये. एकटा पोरगा रात्री झाडावर आदळला आणि जागीच गेला, तर गुन्हा त्याच्यावरच नोंदवायचा, आरोपीही तोच आणि मयतही तोच, मग रक्तात दारू होती का हे शोधायची घाई कुणाला असणार. घरच्यांना ते नको असतं, इन्शुरन्सचं काही अडेल ही भीती असते, शिवाय गेलेल्या पोराची बदनामी कोण करेल. जिवंत असेल तर त्याला आधी गाडीत घालून पळवायचं असतं, सिंधुदुर्गातला असेल तर डोक्याला मार म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, रत्नागिरीकडचा असेल तर कोल्हापूर नाहीतर मुंबई, त्या धावपळीत श्वासाची चाचणी कोण करणार आणि तिथे पोचेपर्यंत रक्तातली दारू उतरायला लागलेली असते. म्हणून कारणाच्या रकान्यात अतिवेग पडतो. अतिवेग खोटा नसतोच, पण तो वेग कशाने आला ते त्या रकान्यात मावत नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. अपघाताचा डेटा म्हणजे ज्या रात्री नशीब फिरलं फक्त त्या रात्रीचा डेटा. २०२१ पासून पोलीस अपघाताची माहिती मोबाईल अॅपवर जागेसकट भरायला लागले, आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेने बनवलेली ती यंत्रणा चांगली आहे, पण ती सुद्धा अपघात झाल्यावरच सुरू होते. तोच पोरगा त्याच्या आधी कितीतरी रात्री तसाच पिऊन सुखरूप घरी पोचलेला असतो आणि त्या रात्रींची नोंद जगात कुठेच नाही. अडवायचं असेल तर त्या रात्रीच माहीत पाहिजेत.

कोकणात तर हे जास्तच, कारण आमच्याकडे कारणं जागेजागी बदलतात. गोव्याच्या हद्दीजवळची सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा घ्या. महाराष्ट्रात कायद्याने बिअर-वाईन प्यायला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, शिवाय परवाना, आणि गोव्यात १८. दारू तिकडे स्वस्त, आणि २०२५ च्या जूनमध्ये आपल्या सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवल्यावर तर अजूनच स्वस्त वाटायला लागली. म्हणजे एकोणीस वर्षाच्या पोराला सरळसरळ कारण मिळतं की संध्याकाळी बाईक काढून पत्रादेवीच्या पलीकडे जायचं, तिथे बसायचं आणि रात्री परत यायचं. गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या फोटोसकट येतात, किती बॉक्स, किती लाखांचा मुद्देमाल, सगळं मोजलेलं असतं. बाटली पोटात घालून हद्द ओलांडून परत येणारी पोरं किती, ते मोजलेलं नसतं.

मालवण-तारकर्ली-देवबागला परत वेगळं. तिथे वॉटर स्पोर्ट्सवाली, हॉटेलातली पोरं दिवसभर पर्यटकांच्या मागे आणि मग रात्री उशिरा त्यांचं स्वतःचं बसणं. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटण्याच्या वेळा. आंब्याच्या सीझनमध्ये रत्नागिरी-देवगडकडे बागेत रात्र काढणारी पोरं. अलिबाग-काशीद-मुरुडला प्रश्न गावच्या पोरांपेक्षा शनिवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचा जास्त असेल कदाचित. शिमग्याची पालखी, मे महिन्यातल्या हळदी, गणपतीत आलेले चाकरमानी आणि त्यांचे गावातले भाऊबंद, थर्टी फर्स्ट, जत्रेतली दशावताराची रात्र, प्रत्येकाचं गणित निराळं. या सगळ्याची सरासरी काढून जिल्ह्याचा एक आकडा काढला तर तो कुणाच्याच कामाचा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्हावार आकडे देतं, पिणारे पुरुष किती ते सांगतं, २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १४ टक्क्यांच्या आसपास आणि गोव्यात ३७ च्या आसपास, पण प्यायल्यावर तुम्ही किल्ली हातात घेता का हा प्रश्न त्या सर्वेक्षणात नाहीच.

दुकानांचंच घ्या. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, मग मार्च २०१७ मध्ये वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं, आणि नंतर नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना मोकळीक मिळाली. हेतू चांगलाच होता. पण दुकान आत सरकलं म्हणून पोरगा प्यायचा थांबला, का आतल्या अरुंद, दिवे नसलेल्या, वळणावळणाच्या रस्त्याने परत यायला लागला, हे अंतर मोजून कळत नाही. पोराला विचारूनच कळतं.

अमेरिकेत हे विचारणं जुनं आहे. तिथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था १९९१ पासून दर दोन वर्षांनी हायस्कूलच्या मुलांना नाव न घेता विचारते की गेल्या तीस दिवसांत प्यायल्यावर गाडी किती वेळा चालवलीस, आणि वेगळा प्रश्न की पिऊन चालवणाऱ्याच्या गाडीत किती वेळा बसलास. त्यांनीही शिकत शिकत सुधारणा केल्या. गाडी चालवतच नाही असा पर्याय २०१३ मध्ये घातला, कारण तोपर्यंत ज्यांच्याकडे गाडीच नाही तेही न पिता चालवणाऱ्यांत मोजले जात होते. वॉशिंग्टन राज्यात गांजा कायदेशीर झाल्यावर २०१४ पासून अठरा ते पंचवीस वयाच्या लोकांचा वेगळा सर्वे सुरू केला. आपल्याकडे पण हे डोळे उघडे ठेवून बघायला हवं, गांजा कोकणातल्या कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचलेला आहे, मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात तो धरलेला आहे, पण फुंकर मारायच्या मशीनवर तो येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते माँटाना राज्याचं उदाहरण. डोंगराळ, विरळ वस्ती, लांब लांब रस्ते, सार्वजनिक वाहतूक जवळजवळ नाही. तिथे २००० च्या दशकाच्या सुरुवातीला २१ ते ३४ वयाच्या लोकांना दोन गोष्टी विचारल्या, एक, गेल्या महिन्यात दोन किंवा जास्त ड्रिंक्स घेऊन तासाभरात गाडी चालवलीत का, आणि दोन, तुमच्या वयाचे बहुतेक लोक असं करतात असं वाटतं का. पहिल्याला हो म्हणणारे निघाले २० टक्के, पाचात एक. आणि बहुतेक सगळे असंच करतात असं वाटणारे निघाले ९२ टक्के. मग त्यांनी घाबरवणाऱ्या जाहिराती बाजूला ठेवून पश्चिमेकडच्या पंधरा काउंटींमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, हेच सांगायला सुरुवात केली की पाचातले चौघे पिऊन चालवत नाहीत. पिऊन चालवल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण उरलेल्या राज्याच्या तुलनेत खरंच खाली आलं.

याचा अर्थ कोकणातही पाचातले चौघे शहाणे आहेत असा काढू नका हं. असतील, नसतीलही. विचारल्याशिवाय ते पोस्टरवर छापलं तर पोरं एका दिवसात ओळखतील की हे खोटं आहे. पण मला एक मात्र दिसतं, की आपल्या पोरांना सुद्धा सगळेच असं करतात असं वाटत असतं, कारण जो पितो आणि बाईक उडवतो तो सगळ्यांना दिसतो, त्याचे स्टेटस असतात, आणि जो मित्राच्या पडवीत झोपून सकाळी घरी गेला त्याचं स्टेटस कोण ठेवतं.

नाईट क्रिकेटच्या स्पर्धा संपताना उभं राहून बघा एकदा. बक्षीस समारंभ होऊन एक-दीड वाजलेला असतो, हॅलोजन विझायला लागतात, जिंकलेली टीम मैदानाच्या मागे बसलेली असते. मग बाईका सुरू होतात. एकाला धड स्टँड काढता येत नाही, दुसरा म्हणतो अरे मी चालवतो, तो म्हणतो, "माका चढूक नाय, मीच चलयतलंय." दुसरा दोन सेकंद थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि गुपचूप मागे बसतो. तिसरा त्याच्या मागे. बघा, तो दुसरा शुद्धीत आहे, त्याला कळतंय, त्याला नकोय, आणि त्याच्याकडे पर्यायच नाही कारण घर बारा किलोमीटर, शेवटची एसटी संध्याकाळीच गेली, रिक्षा नाही, आणि मित्राला सगळ्यांसमोर नाही म्हटलं तर उद्या टीममध्ये तोंड कसं दाखवायचं. आपल्या सगळ्या मोहिमा त्या पहिल्याशी बोलतात. दुसऱ्याशी कुणीच बोलत नाही. मागे बसणाऱ्यांना विचारलं पाहिजे, आणि त्यात पोरी पण येतात, हळदीवरून भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या मागे जीव मुठीत धरून बसणाऱ्या, त्यांना तर आजवर कुणी काहीच विचारलेलं नाही.

खोटं सांगतील ना पोरं, हा पहिला आक्षेप. पोलिसाने विचारलं तर सांगतीलच. कॉलेजच्या सरांनी विचारलं तरी सांगतील, आमच्याकडे सरांची आणि बाबांची ओळख असतेच. म्हणून कागदावर नाव नको, गाव पण नको, फक्त तालुका, वय, मुलगा की मुलगी, आणि कागद घडी करून बंद पेटीत. विचारणारी पोरं दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजच्या एनएसएसची असावीत.

आणि याहून पक्की एक युक्ती आहे जी मला फार आवडते. स्टॅनली वॉर्नर या संशोधकाने १९६५ मध्ये या धर्तीची पद्धत मांडली, नाण्याचा हा तिचा नंतरचा सोपा प्रकार. प्रश्न विचारायच्या आधी पोराने नाणं उडवायचं, काय पडलं ते कुणाला दाखवायचं नाही. छाप पडला तर खरं काहीही असो, हो लिहायचं. काटा पडला तर खरं उत्तर लिहायचं. आता कागदावर हो दिसलं तरी ते नाण्याचं आहे का त्या पोराचं हे देवाला पण सांगता येणार नाही, पोलिसाला तर नाहीच. पण सगळ्यांचं मिळून उत्तर निघतं. समजा दोनशे जणांनी भरलं, त्यातले साधारण शंभर जण छाप पडला म्हणूनच हो म्हणणार, आणि एकूण हो आले एकशे तीस, तर उरलेल्या शंभरातले तीस जण खरोखर पिऊन चालवतात. याला माणसं जास्त लागतात, कारण नाण्याचा गोंधळ आकड्यात मिसळलेला असतो, पन्नास पोरांवर हे चालणार नाही, तालुक्याला हजारभर तरी हवीत. पण हे दहावी झालेल्या पोराला दोन मिनिटांत समजावता येतं आणि एकदा समजलं की त्याचा चेहराच सैल होतो, कारण त्याला पटतं की हे मला पकडायला आलेले नाहीत.

फक्त कॉलेजात सर्वे करून आटपलं असं मात्र करू नका. कॉलेजातली पोरं सापडायला सोपी म्हणून तीच सगळीकडे विचारली जातात. जी दहावी-बारावीनंतर गॅरेजात, बोटीवर, हॉटेलात, चिऱ्याच्या खाणीवर गेली ती कुठे भेटणार? खलाशी भेटतील १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, बोटी जेटीला लागलेल्या असताना, जाळी शिवत बसलेले असतात तेव्हा. बाकीचे पेट्रोल पंपावर, आयटीआयच्या गेटवर, क्रिकेटच्या मैदानावर. मेहनत आहे, पण ज्यांना धोका जास्त तीच यादीतून गळली तर सगळाच सर्वे वाया.

दुसरा आक्षेप येतो की गावाची बदनामी होईल, पर्यटनावर परिणाम होईल. म्हणून तर गावाचं नाव घ्यायचंच नाही, आणि ज्या गटात पाच-पन्नासच उत्तरं आहेत त्याचा आकडा वेगळा छापायचाच नाही, छोट्या वाडीत तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. ही जबाबदारी लेखी घेतली पाहिजे आणि कागद मोजून झाल्यावर सगळ्यांसमोर जाळले पाहिजेत. तिसरा आक्षेप, कायदा आहे की कडक. आहे, शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू असली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड वाढवून २०१९ पासून बरीच वर्षं झाली. पण कायदा उभा राहतो नाक्यावर आणि नाका असतो हायवेवर, आणि पोरं येतात आतल्या रस्त्याने. कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कुठल्या वारी, हे सर्वेत विचारलं तर तेवढेच चार पोलीस योग्य जागी तरी उभे राहतील. मी बंदोबस्ताच्या विरोधात नाही, उलट तो हवाच आहे.

प्रश्न पण थोडे आणि कामाचे हवेत. शेवटचं प्यायल्यावर घरी कसा गेलास. किती लांब होतं. का चालवलीस, वाहन नव्हतं, झोपायला जागा नव्हती, घरी कळेल म्हणून, का काही होत नाही असं वाटलं म्हणून. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर गार पाणी, एक उलटी, याने उतरते असं मानणारी पोरं खूप आहेत. लिव्हर आपल्या गतीनेच काम करतं, साधारण एका छोट्या पेगला एक तास किंवा जास्तच, लिंबाने त्यात मिनिटाचा फरक पडत नाही. रात्री दोनला चार मोठे पेग मारून झोपलेला पोरगा सकाळी सातला दूध घालायला निघतो तेव्हाही तो मर्यादेच्या वर असू शकतो. आता एखाद्या तालुक्यात लिंबाचं कारण जास्त आलं तर तिथे माहिती द्या. एसटी नाही हे जास्त आलं तर माहिती देऊन काही होणार नाही, तिथे स्पर्धेच्या परवानगीलाच अट घाला की आयोजकांनी रात्री दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठेवायचे, जत्रेला जादा गाड्या सुटतात तशा शिमग्यातही सुटू द्या. घरी कळेल हे जास्त आलं तर बोलायचं आईबापांशी, की पोराने रात्री फोन करून मला न्यायला या म्हटलं तर त्या रात्री एक शब्द बोलायचा नाही, जे काय बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

पैशाचं म्हणाल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, नियोजन समितीचा निधी असतो. छापलेले कागद, पेट्या, पोरांचा प्रवासखर्च आणि जेवण, एवढाच खर्च आहे, आणि मोजायला स्टॅटिस्टिक्स शिकवणारे प्राध्यापक आपल्याच कॉलेजांत आहेत. आकडे आले की आधी ज्यांनी कागद भरले त्यांना दाखवा, मंडळात, मैदानावर, ग्रामसभेत, आणि त्यांनाच विचारा आता काय करूया, कारण रात्री एक वाजता किल्ली काढून घेणारा कुणी असेल तर तो त्यांच्यातलाच असणार आहे. आणि फेरी एकच नको. पहिली शिमग्याच्या आधी, दुसरी गणपतीनंतर, मग पुढच्या वर्षी परत त्याच वेळांना, प्रश्न शब्दशः तेच, म्हणजे मधल्या काळात ज्या तालुक्यात रात्रीची गाडी सुरू केली आणि ज्या तालुक्यात नुसते बॅनर लावले त्यांच्यात फरक पडला का हे बघता येईल, आणि फरक नसेल पडला तर ती गाडी बंद करून दुसरं काहीतरी करून बघता येईल.